अनुभव धागा: गेम खेळणारे, दुरुस्त करणारे, बनवणारे (कोल्हापूर आणि परिसर)

गेमिंगची माहिती शोधली की बहुतेक ठिकाणी "सर्व्हिस सेंटरला दाखवा" एवढंच मिळतं. इथं हातानं काम करणाऱ्यांनी लिहावं. आत्मचरित्र नको. काय केलं की काय होतं, कुठं फसतं आणि का, तेवढंच.

शाहूपुरी_सोल्डर

कंट्रोलरची काठी सोडली तरी खेळाडू आपोआप एका बाजूला सरकतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. ड्युअलशॉक ४ मध्ये (प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर) प्रत्येक काठीला दोन पोटेन्शिओमीटर (काठी किती कलली ते मोजणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. आतला कार्बनचा पट्टा घासून झिजतो आणि रीडिंग चुकतं.

उघडण्याआधी ब्राउझरमधल्या गेमपॅड टेस्टरवर आकडे बघा. काठी सोडल्यावर ०.०५ च्या आसपास असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन (काठीची जेवढी हालचाल गेम धरतच नाही तो भाग) थोडा वाढवा, काम भागतं. ०.१५ च्या पुढं सतत उभा राहत असेल तर खोलावंच लागतं. खोलल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब पोटेन्शिओमीटरच्या फटीत सोडायचे, काठी गोल फिरवायची आणि वाळू द्यायचं. घरात असतो तो साधा गंजरोधक स्प्रे मारू नका, तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. कचरा असेल तर फरक पडतो. पट्टाच झिजला असेल तर थोड्या दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

मग मॉड्यूल, म्हणजे काठीचा अख्खा भाग, बदला. १४ जोड सोडवायचे आहेत: दोन पोटेन्शिओमीटरचे सहा, बटणाचे चार, धातूच्या चौकटीचे चार. कंपनीच्या सोल्डरला शिसं नसतं, ते लवकर वितळत नाही. त्यावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप) आणि ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) चढवा, आयर्न ३५० अंशांवर ठेवा, मग पंपानं ओढा. चौकटीचे पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात, सगळी उष्णता तिकडं जाते. तिथं धीर सुटतो, माणूस मॉड्यूल हिसकतो आणि भोकातलं तांब्याचं अस्तरच उपटून येतं. त्यानंतर बोर्ड वाचवायचा तर जंपर वायर ओढत बसा.

हॉल सेन्सरचं मॉड्यूल चुंबकानं मोजतं, घासत नाही, त्यामुळे झिजत नाही. पण ते बसवल्यावर कॅलिब्रेशन (काठीची मधली जागा आणि टोकं नव्यानं नोंदवणं) करावंच लागतं. यूएसबी केबल लावून क्रोममधूनही ते होतं. ते न करता "नवीन पार्टही ड्रिफ्ट देतोय" म्हणून येणारे लई.

मंगळवारपेठ_८बिट

जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटबद्दल. फुंकर मारू नका भावांनो. तोंडातली वाफ पिनांवर बसते, आणि आपल्याकडं जूनपासून चार महिने हवेतच ओल. चालते ती फुंकरीमुळं नाही, काढून परत बसवल्यामुळं. कापसाच्या काडीला तेच अल्कोहोल लावून पिना पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत.

कॅसेट विकत घेताना पिना मोजा. आपल्याकडच्या पिवळ्या कॅसेटी फॅमिकॉमच्या (निन्टेंडोचं जपानी मशीन) ६० पिनी मापाच्या, अमेरिकी निन्टेंडोच्या ७२ पिनी. अडॅप्टरशिवाय एकमेकांत बसत नाहीत.

आणि बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालणार नाही, कन्व्हर्टर लावा नाहीतर काही करा. ट्रिगर दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते. एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, वेळ चुकते. पिक्चर ट्यूबचा डबा असेल तर भंगारात घालू नका.

राजारामपुरी_लॅन

गेमिंग कॅफे टाकणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. ग्राफिक्स कार्डवाला पीसी खेळताना त्याच्या वर जातो आणि लाइट गेली की यूपीएससकट बसतो. पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) वाढलं की आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा. तिथंच आकडा नाचत असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नाही, राउटरपासून पीसीपर्यंत केबल टाका.

खासबाग_कोडर

मराठीत गेम करणाऱ्यांनी मजकूर शेवटी बघू म्हणून ठेवू नये. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर दाखवायला टेक्स्टमेशप्रो असतं, त्यात देवनागरी नीट जुळत नाही: वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात. गोडो ४ या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरजुळणी आतच आहे. कुस्तीचा गेम असेल तर पहिल्याच दिवशी एका लेबलमध्ये (पडद्यावर मजकूर दाखवणारी चौकट) हे टाका: शड्डू, मल्ल, दुसऱ्या, निर्णय, किल्ला. पाचही नीट दिसले तर पुढं जा.

तरीही चार ठिकाणी फसतं. लेबलची भाषा 'मराठी' ठेवली नाही तर फॉन्टमध्ये सोय असूनही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, ते शून्यच ठेवा. इंग्रजीच्या मापानं बेतलेल्या बटणात वर रफार आणि खाली उकार कापला जातो, उंची दीडपट धरा. आणि संवाद एकेक अक्षर उमटवायचा असेल तर मूळ सेटिंगमध्ये आधी पाय मोडलेला 'ड्' दिसतो, मग तो उडी मारून 'ड्डू' होतो. लेबलच्या सेटिंगमध्ये अक्षरं जुळणीनंतर मोजायला सांगा, थांबतं.

मंगळवारपेठ_८बिट

@खासबाग_कोडर प्ले स्टोअरवर टाकायला काय लागतं?

खासबाग_कोडर

एकदाच २५ डॉलर. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी बंद चाचणी (निवडक लोकांनाच गेम देऊन): किमान १२ जण, सलग १४ दिवस. एखादा मधेच बाहेर पडला आणि आकडा १२ च्या खाली गेला तर घोळ होतो, म्हणून १६-१७ जण घ्या. तालमीतली पोरं घेणार असाल तर आधी बघा, प्रत्येकाचं स्वतःचं गूगल खातं आहे ना. घरातल्या एकाच जीमेलवर तीन फोन चालतात, आणि चाचणीत तो एकच माणूस धरला जातो.