रोव्हर चालवायला गेमपॅड पुरे? अजिबात नाही

रात्रपाळी:
काल गेमवेडा यांनी लिहिलं की रोव्हर, म्हणजे चंद्रा-मंगळावर फिरणारी यंत्रगाडी, चालवायला एवढी माणसं नि आकड्यांनी भरलेले पडदे कशाला, गेमपॅड दिला तर दहावीतलं पोरही चालवेल. वाचून राहवलं नाही. मंगळापर्यंत संदेश पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. फोटोत खड्डा दिसेपर्यंत गाडी त्यात पडलेली असते. म्हणून तिथल्या दिवसभराच्या आज्ञा आधी त्रिमितीय चित्रावर चालवून बघतात, मग एकदम पाठवतात. तरी एप्रिल २००५ मध्ये मंगळावरची ऑपॉर्च्युनिटी ही गाडी वाळूत रुतलीच. चाकं फिरत होती, म्हणून गाडीच्या हिशेबी ती पुढे जात होती! बाहेर काढायला पाच आठवडे गेले.

गेमवेडा:
मंगळ ठेवा बाजूला. चंद्राला जाऊन-येऊन अडीच सेकंद. १९७०-७१ मध्ये रशियनांनी क्राइमियात बसून चंद्रावरचा लुनोखोद-१ रोव्हर साडेदहा किलोमीटर हाताने चालवलाच ना?

रात्रपाळी:
चालवला, पाच जणांनी मिळून! त्यातल्या एकाचं काम फक्त अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणं. समोर सलग चित्र नाही, काही सेकंदांनी एकेक स्थिर फोटो. १९७३ मध्ये लुनोखोद-२ चं झाकण विवराच्या भिंतीला घासलं, माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरवर पडली, गाडी तापून बंद.

चाकणवाला:
चंद्राचं राहू द्या, इथलं बघा. १८ वर्षं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर आहे. नव्या मशीनचे नॉब काढून सगळं टचस्क्रीनवर. हातमोजा कूलंटने (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाने) माखलेला, स्क्रीन बोट ओळखेना. टूल जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) घुसलं, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, फुटून काचेवर आपटला. फीडचा, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाचा, नॉब असता तर मान न वळवता शून्यावर आणला असता.

रेषा:
यात दोष टचस्क्रीनचा नाही, हातमोज्याचा विचार न करणाऱ्या डिझायनरचा आहे. मी हेच काम करते.

चाकणवाला:
मग एकदा शॉपफ्लोअरवर आठ तास उभ्या राहा आणि मग दोष कुणाचा ते सांगा! काच माझ्या तोंडासमोर होती, तुमच्या नाही.

गेमवेडा:
म्हणजे हाताला कळणारं नियंत्रण हवं. मीही तेच म्हणतोय.

रेषा:
नाही, तेच नाही. यांचं मशीन हाताखाली आहे, आवाज बदलला की कळतो. रोव्हरचा आवाज येत नाही. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरच्या कॅमेऱ्यांवरून एका वेळी फार तर ५ मीटरचा उंचसखल नकाशा बनायचा, तोही खाली बंगळुरूत. २७ ऑगस्ट २०२३ ला ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचं विवर दिसलं, गाडी माघारी वळवली. चालकाला आधी कळायला हवं की फोटो किती जुना आहे आणि दगडामागचं काय दिसलेलंच नाही. तो भाग पडद्यावर कोराच ठेवा, सपाट जमीन काढून भरू नका. गेमपॅड धरला की समोरचं चित्र आत्ताचं वाटतं, मला भीती त्याचीच आहे.

गेमवेडा:
ठीक आहे, मंगळापुरता गेमपॅड मागे घेतो. चंद्रापुरता नाही.

चाकणवाला:
आणि नॉब?

रेषा:
नॉब हवाच. ते तुमचं खरं आहे.