मदत हवी आहे: १४ शाखा, आम्ही दोघं आणि सगळ्या तक्रारी फोनवर

राम राम मंडळी,
जळगावला एका पतसंस्थेत आयटी सांभाळतो. डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक नवीन पोरगा, बस. शाखा १४, तिकडे चोपडा यावल रावेर, इकडे अमळनेर पारोळा. तक्रारीची पद्धत एकच, ज्याच्याकडे ज्याचा नंबर असेल त्याने त्याला फोन लावायचा. वर व्हॉट्सअॅप ग्रुप आहेच, त्यात गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस आणि मधेच अमळनेरच्या काकांचा मेसेज, "भाऊ, मशीन बंद पडेल शे" (म्हणजे बंद पडलंय). कुठलं मशीन, पीसी की पासबुक प्रिंटर की यूपीएस, ते विचारायला परत फोन आणि तोवर दुसऱ्या तीन शाखांचे मिस्ड कॉल.

दिवाळीनंतर ओएसटिकेट हे तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे म्हणून. सगळ्यांना लॉगिन दिलं, ट्रेनिंग दिलं, चहा-भजी झाली. पहिल्या महिन्यात तिकिटं, म्हणजे त्यात नोंदवलेल्या तक्रारी, आली ९, त्यातली ४ मीच टेस्टिंगला टाकलेली. फोन मात्र दिवसाला ३०-४०.

परवा मीटिंगमध्ये एका संचालकांनी विचारलं, आयटीवाले दिवसभर करतात काय? दाखवायला माझ्याकडे काहीच नाही हो. त्याच्या आदल्या दिवशी पासबुक प्रिंटरसाठी रावेरला गेलो होतो, जाऊन-येऊन दिवस गेला आणि निघालं काय तर रिबन संपलेली. आता साहेब म्हणतात एसएलए लावा, म्हणजे किती वेळात काम होईल ते लिहून द्या, ४ तासात तक्रार मिटली पाहिजे. पुण्याच्या मित्राने त्यांच्या कंपनीचा तक्ता पाठवला, त्यात तीन शिफ्ट, लेव्हल १ म्हणजे तक्रार आधी बघणारे, लेव्हल २ म्हणजे त्यांना न सुटलेली अवघड कामं करणारे. आमच्याकडे लेव्हल १ मी आणि लेव्हल २ पण मीच.

लोकांना तिकीट टाकायची सवय कशी लावली तुम्ही? पोरगा म्हणतो फोन उचलायचाच नाही, पण काउंटरला म्हाताऱ्या बाया ठेवीच्या व्याजासाठी उभ्या असतात, मन होत नाही.

प्रतिसाद (धुळ्याहून):
भो, फोन बंद करू नको, शाखावाले डायरेक्ट चेअरमनला लावतील. तिकीट त्यांनी नाही, तू टाक. ओएसटिकेटमध्ये एजंटला, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या तुला, दुसऱ्याच्या नावाने तिकीट उघडता येतं, सोर्समध्ये (तक्रार कशी आली त्यात) फोन निवडायचं, एका मिनिटाचं काम. फक्त नंबर एकच ठेव, एक दिवस तो फोन तुझ्याकडे, एक दिवस पोराकडे. ज्याच्याकडे नाही त्याची त्या दिवशी कामं उरकतात, खरा फायदा हा.

महिन्याने शाखा आणि वस्तू लावून यादी बघ. मी इथल्या एका कॉलेजात 'पीसी अचानक बंद होतो' अशा तक्रारी वर्षभर सुट्या सुट्या सोडवत बसलो, एकत्र बघितल्या तर सगळ्या पत्र्याखालच्या खोल्यांतल्या. आयटीआयएल (आयटी सेवा कशी चालवायची याची पद्धत) वाले इन्सिडेंट वेगळा, प्रॉब्लेम वेगळा म्हणतात ते हेच, एक म्हणजे आत्ता चालू करून दे, दुसरं म्हणजे परत परत का होतंय ते शोध. तिथे उन्हाने यूपीएसच्या बॅटऱ्या जात होत्या. बॅटरीचं आयुष्य २५ डिग्री धरून सांगितलेलं असतं, त्याच्या वर दर १० डिग्रीला साधारण निम्मं होतं आणि आपल्याकडचा मे महिना तुला काय सांगायचा. यूपीएस खालच्या मजल्यावर हलवले, बरेच फोन तिथेच संपले.

एसएलएमध्ये उत्तर द्यायची वेळ आणि काम मिटायची वेळ वेगळी लिही. १५ मिनिटात उत्तर तू देऊ शकतो, ४ तासात रावेर नाही. आणि कुठलं काम आधी ते कसं ठरवायचं तर किती लोक अडले आणि किती वेळ थांबू शकतात. शाखेचं डे एंड (दिवसाचा हिशोब बंद करणं) अडलं ते आधी, मॅनेजरसाहेबांचा माउस नंतर, ते ओरडले तरी.

मूळ लेखक:
दादा, तक्रारीला एकच नंबर सोमवारपासून करतो. रिबन पण प्रत्येक शाखेत एक जादा ठेवतो आणि बदलायचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो, फुलांच्या मधे. पण चेअरमनसाहेब माझ्या पर्सनल नंबरलाच लावतात, त्यांना नवीन नंबर कोण सांगणार?

प्रतिसाद (धुळ्याहून):
कोणीच नाही. त्यांचं काम करून दे आणि गुपचूप तिकीट टाक.