सासूबाईंचा डिमेन्शिया, माझी चिडचिड: लिहून काढल्याने कुणाला फरक पडलाय का?

निशिगंध:
सासूबाईंना अल्झायमर्स आहे. दिवेलागणीला "मला घरी सोड" सुरू होतं, पिशवीत साड्या कोंबून दाराशी उभ्या. नवरा फिरतीवर, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात. डॉक्टर म्हणाले मनातलं लिहून काढत जा, पण मी लिहायला बसले की गोळ्या, डायपर आणि बाईच्या खाड्यांचीच यादी होते. नेमकं लिहायचं काय?

सासवडकर:
यादी वेगळी ठेव, ती डॉक्टरांना दाखवायला कामाची. हे लिखाण वेगळं. पेनेबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८६ च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं, शुद्धलेखन वगैरे गेलं खड्ड्यात. गंमत म्हणजे लिहिल्या लिहिल्या त्यांना उलट वाईटच वाटलं, फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला, डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून झोपायच्या तोंडावर नको लिहूस, दुपारी त्या पडल्या की लिही.

तिखटमीठ:
मला नाही बाबा जमलं, रोज तेच तेच उगाळून अजून डोकं फिरायचं. आणि सासवडकर, ते प्रयोग तरुण मुलांवरचे. म्हाताऱ्यांचं करणाऱ्यांवर २००७ मध्ये छोटा अभ्यास झाला होता, त्यात फायदा झाला तो वेळेचं नियोजन लिहून काढणाऱ्यांना, भावना लिहिणाऱ्यांना नाही! तेव्हा यादीला नावं ठेवू नका.

सासवडकर:
मान्य, सगळ्यांना लागू पडेल असं नाही. चार दिवस करून बघ, नाही झेपलं तर सोड.

निशिगंध:
आणि कुणी वाचलं तर? नणंदेला कपाटं उघडायची सवय आहे, आणि मी तर "सुटू दे एकदाचं" असलं पण लिहीन हो.

माईआजी:
लिही की गं, सगळ्यांच्याच मनात येतं ते. पाठकोऱ्या कागदावर लिहायचं आणि फाडून टाकायचं, जपायचं कशाला? "घरी सोड" म्हणाल्या की हे घरच आहे म्हणून वाद घालू नकोस, "चहा घेऊन निघू" म्हण आणि हातात निवडायला मेथी दे, आमच्या ह्यांना तेवढ्यात विसर पडायचा. अगदीच असह्य झालं तर टेलिमानसचा, म्हणजे मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ लाव, फुकट आहे. आणि त्या कपाटं उघडणाऱ्या नणंदेला रविवारी दोन तास आईजवळ बसव आधी.