नाईक यशवंत घाडगे : १० जुलैच्या अभिवादनाबाबत

नमस्कार मंडळी,

नाईक यशवंत घाडगे यांच्या समाधीवर दरवर्षी १० जुलैला पुष्पचक्र अर्पण करावे, असे मागच्या बैठकीत एकमताने ठरले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा जवान पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून इटलीत लढला, १९४४ साली याच दिवशी अवघ्या बावीस वर्षांचा असताना कामी आला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. इतकी वर्षे इटलीत राहूनही आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव ठाऊक नव्हते, याची मला मनापासून खंत वाटते. ज्यांना यायचे आहे त्यांनी कृपया कळवावे, म्हणजे बसची व्यवस्था करता येईल.

आपला,
सचिव

*

सप्रेम नमस्कार.

ठराव वाचून फार समाधान वाटले, मात्र त्यातला ‘समाधी’ हा शब्द बदलावा लागेल. घाडगे यांची समाधी कुठेही नाही. रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान कॅसिनो येथे जी युद्धदफनभूमी आहे, तिच्यातल्या स्मारकावर, ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांतच त्यांचे नाव आहे. ते धारातीर्थी पडले ते तिथून बरेच उत्तरेला, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने धाव घेतली, हातबॉम्ब टाकून ती मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि काडतुसांची नवी पेटी चढवायलाही वेळ नाही असे दिसताच उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते कोसळले. त्याच परिसरातल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले आहे.

ते इंग्रजांच्या सैन्यात होते म्हणून काही जणांच्या मनात किंतू आहे, हे मला माहीत आहे. पण जर्मन सैन्याच्या ताब्यातला हा मुलूख ज्यांनी लढून सोडवला त्यांत ते होते, आणि ज्या गावाशी त्यांचे काही नाते नव्हते ते गाव त्यांना विसरत नसेल, तर आपण मागे राहणे मला पटत नाही.

मी दोन वर्षांपूर्वी कॅसिनोला गेलो होतो. डोंगरावरच्या मठाकडे पाठ करून त्या हिरव्या संगमरवरी शिळांवरून बोट फिरवत नावे वाचू लागलो, तेव्हा दर दोन-चार नावांनंतर थबकावे लागत होते. घाडग्यांचे पहिले नाव अधिकृत नोंदींत रोमन लिपीत ‘येशवंत’ असे आहे, आणि इतरांची कित्येक नावे तर भरतीच्या वेळी लिहून घेणाऱ्याच्या कानाला जशी ऐकू आली तशीच उतरली आहेत. इतर देशांचे लोक तिथे येतात, आदराने उभे राहतात, पण ही नावे नीट उच्चारणे त्यांना कसे जमावे? पुष्पचक्र कोणीही वाहू शकेल, ही नावे त्यांच्या घरी जशी हाकारली जात तशी मोठ्याने वाचणे मात्र आपल्यालाच शक्य आहे.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

*

आदरणीय काका,

आपल्या पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. ‘समाधीवर’ऐवजी ‘कॅसिनो स्मारकापाशी’ अशी दुरुस्ती केली आहे, आणि पुष्पचक्रानंतर नामवाचन ठेवत आहोत. या दफनभूमीची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या नोंदवहीत अनेक जवानांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, त्यामुळे बिघडलेली नावे जुळवताना त्याचा मोठा आधार होईल. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांची यादी मी या आठवड्यात काढून पाठवतो. रायगड, रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूरकडच्या सभासदांनी आपापल्या भागातली गावे आणि आडनावे तपासून द्यावीत, आणि जिथे खात्री होणार नाही तिथे अंदाजाने दुरुस्ती न करता खूण करून ठेवावी. देवनागरीतली पक्की यादी जूनअखेरपर्यंत हाती आली, तर वाचणाऱ्यांना सराव करता येईल. पहिले नाव आपण वाचावे, अशी सर्वांची इच्छा आहे.

आपला,
सचिव