ड्यूररच्या युनिकॉर्नवाल्या चित्रातली रेघ अशी खरखरीत का?

शाईचे_डाग:
जर्मन चित्रकार ड्यूररची दोन छापचित्रं, मेलन्कोलिया (१५१४) आणि युनिकॉर्नवर बसून बाईला पळवून नेणारा पुरुष (१५१६), दोन्ही शेजारी ठेवून बघतेय. मेलन्कोलियात पंखवाली बाई, कंपास, वाळूचं घड्याळ, आकड्यांचा चौकोन, रूपकं ठासून भरलीत आणि तरी रेघ किती नाजूक! युनिकॉर्नमधे सगळ्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या. दोनच वर्षांत हात एवढा बदलतो का?

ताम्रपट:
हात तोच आहे हो, पद्धत वेगळी. मेलन्कोलिया एचिंग नाहीच, तांब्याच्या प्लेटवर ब्युरिनने, म्हणजे टोकदार कोरणीने, कोरलेलं एन्ग्रेव्हिंग आहे ते. ब्युरिनवर जोर दिला की रेघ जाड, जोर कमी केला की बारीक होत होत टोकाला निमुळती. एचिंगमधे प्लेटवर अ‍ॅसिडला दाद न देणारा थर चढवायचा, सुईने थर खरवडत चित्र काढायचं आणि उघड्या पडलेल्या धातूला अ‍ॅसिड खातं. युनिकॉर्नची प्लेट एकदाच खाऊ दिलीय, म्हणून सगळ्या रेघा सारख्याच खोल आणि टोकं बोथट. त्यात प्लेट लोखंडाची.

शाईचे_डाग:
पण लोखंडच का? तांबं तर हाताशी होतं ना त्याच्या

जुना_छापखाना:
कारण हे तंत्र आलंच चिलखतांवर नक्षी काढणाऱ्यांकडून. ऑग्सबर्गचा डॅनिएल हॉप्फर त्यातलाच, १५००च्या आसपास त्याने तीच युक्ती कागदावर छापायला वापरली, त्याचं आरशात बघणाऱ्या बायकांच्या मागे मृत्यू आणि सैतान येऊन उभे असलेलं चित्र जरूर बघा. लोखंडाला कसं खाऊ द्यायचं हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. तांब्यावर १५२०मधे डच चित्रकार लुकास फान लायडनने सम्राट मॅक्सिमिलियनचं चित्र केलं, पण तिथेही चेहरा ब्युरिननेच कोरलाय, बाकीचं एचिंग.

ताम्रपट:
लोखंडाला गंजही चढतो, त्यामुळे नंतरच्या छापांत डाग दिसतात. ड्यूररने सहाच एचिंग केली, १५१८च्या तोफेच्या चित्रानंतर बंद. लोक म्हणतात त्याला ते जमलं नाही, मला अजिबात पटत नाही. युनिकॉर्नची आयाळ आणि मागचे ढग बघा, सुई कागदावरच्या पेनासारखी मोकळी पळलीय, ब्युरिनने हा वेग येतच नाही. ओढून नेल्या जाणाऱ्या बाईच्या चित्राला ही रांगडी रेघच हवी होती असं माझं ठाम मत आहे.

शाईचे_डाग:
आत्ता मोठं करून बघितलं, टोकं खरंच बोथट आहेत! हॉप्फरचं शोधते आता.