मदत हवी आहे: माशांच्या पिल्लांची वाढ आरएनए-डीएनए गुणोत्तरावरून मोजताना

माशांच्या पिल्लांची अलीकडची वाढ आरएनए-डीएनए गुणोत्तरावरून मोजतोय. पेशीतलं डीएनए साधारण स्थिर राहतं, आरएनए मात्र प्रथिनं बनण्याच्या वेगानुसार कमीजास्त होतं. त्यामुळे उपासमार झाली की लांबी-वजनात फरक दिसायच्या आधीच हा आकडा खाली येतो. मला ही पद्धत म्हणूनच आवडते.

अडचण तापमानाची आहे. गार पाण्यातल्या पिल्लांमध्ये वाढ मंद असूनही गुणोत्तर चांगलं वर येतं. थंडीत एकेका रायबोसोमचं, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या आरएनएयुक्त कणाचं, काम हळू चालतं, म्हणून त्यांची संख्या जास्त लागते, हे समजतं. पण मग वेगवेगळ्या तापमानाच्या टाक्यांची तुलना करायची कशी? तापमान समीकरणात घालून प्रत्येक प्रजातीसाठी वेगळं कॅलिब्रेशन (गुणोत्तर आणि वाढ यांचा मेळ घालणं) करावंच लागतं का?

दुसरं, अळी अवस्थेत अख्खं पिल्लू वापरतो, कारण स्नायू वेगळा काढण्याइतका नसतोच. पोटातल्या आर्टेमियाचं (खाद्य म्हणून दिलेले बारीक जलचर) न्यूक्लिक आम्लही, म्हणजे डीएनए-आरएनएही, मग मोजलं जात असणार. नमुने घेण्याआधी पोट रिकामं होऊ द्यावं, तर तेवढ्या उपासानं आकडाच बदलेल अशी भीती वाटते. डोकं आणि आतडं काढून फक्त धड घेणारं कुणी आहे का?

नमुने लगेच द्रव नायट्रोजनमध्ये जातात, मग उणे 80 अंशांवर. मोजणी फ्लुरोसंट रंगानं, आरनेज (आरएनए तोडणारं विकर) देण्याआधी आणि दिल्यानंतर. प्रत्यक्ष हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.