गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा : नागपूरकरांचे अनुभव

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की वर्धा मार्गावर आणि अमरावती मार्गावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या रोज दिसू लागतात. श्रीनगर-कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या शहराशी एकमेकांना छेदतात, त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. त्यामुळे दीड-दोन तासांच्या प्रवासालाही आपण सहज महामार्गावर असतो. गाडी बंद पडणे सर्वस्वी आपल्या हातात नसते. मात्र बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत आपण जे करतो, त्यानेच पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान होते, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून ओळखीच्या गाडीमालकांना मी एवढेच विचारले की त्या दहा मिनिटांत तुम्ही नेमके काय केले आणि आज तोच प्रसंग आला तर काय कराल. सुरुवात माझ्यापासून करतो.

प्रतापनगर, खासगी नोकरी

जामहून नागपूरला येताना बुटीबोरीच्या अलीकडे माझ्या गाडीची क्लच प्लेट गेली. सोबत मित्राची मोठी गाडी होती आणि त्याच्या डिकीत नायलॉनचा दोर होता, म्हणून टोचन लावून गराजपर्यंत जायचे ठरले. दोर आम्ही माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरखालच्या पत्र्याला बांधला, ही पहिली चूक. बहुतेक गाड्यांच्या पान्यांच्या पिशवीत एक जाड लोखंडी कडी असते. बंपरवरचे छोटे चौकोनी झाकण काढून ती आतल्या आट्यांमध्ये घट्ट बसवायची आणि दोर फक्त तिलाच बांधायचा. काही गाड्यांमध्ये हे आटे उलटे असतात, त्यामुळे कडी बसत नाही असे वाटून माणूस नाद सोडतो.

दुसरी चूक जिवावर बेतली असती. इंजिन बंदच आहे, मग किल्ली कशाला, म्हणून मी ती काढून खिशात ठेवली. मित्राने गाडी हलवली, मी स्टिअरिंग जरासे वळवले आणि ते खट्कन लॉक झाले. पुढची गाडी उजवीकडे वळत होती आणि माझी सरळ कडेच्या नालीकडे निघाली होती. नशिबाने वेग पायी चालण्याइतकाच होता. मी जोरात हॉर्न वाजवला आणि मित्र थांबला. किल्ली पुन्हा ऑनवर केल्यावर स्टिअरिंग सुटले, पण दगडासारखे जड होते. ब्रेकचेही तसेच. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबले की संपतो आणि मग दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. उड्डाणपुलाच्या उतारावर मला हे पुरेपूर कळले.

ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवाना असलेला आणि शांत डोक्याचाच माणूस बसला पाहिजे, कारण दोर सतत ताणलेला ठेवणे हे त्याचे काम असते. दोर सैल पडला की पुढच्या झटक्याला तो तुटतो किंवा कडी उपटते. दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, दोराच्या मधोमध लाल कापड बांधावे म्हणजे मधून घुसणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसतो, आणि वेग ताशी वीसच्या आसपास ठेवावा. महामार्गावर मात्र दोर लावूच नये, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंतच ओढावे आणि पुढचे क्रेनवर सोडावे, असे मी आता सगळ्यांना सांगतो.

त्रिमूर्तीनगर, निवृत्त शिक्षक

मे महिन्यातील दुपारी कोंढाळीच्या पुढे माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण जोरात लावला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हीटर लावणे वेडेपणाचे वाटते, पण तो इंजिनातली उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो आणि ढाब्याच्या सावलीपर्यंत पोहोचण्यापुरती उसंत मिळते. त्यानंतर इंजिन बंद केले.

ढाब्यावरचा मुलगा लगेच माठातले पाणी घेऊन धावत आला. त्याचा हेतू चांगलाच होता, पण मी त्याला हात लावू दिला नाही. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण उघडताक्षणी दाब सुटतो आणि त्याची क्षणात वाफ होऊन कारंज्यासारखी तोंडावर येते. माझ्या एका सहकाऱ्याचा हात कोपरापर्यंत असाच भाजला होता आणि तो व्रण मी वर्षानुवर्षे स्टाफरूममध्ये पाहिला आहे. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतले तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाण्याचीही भीती असते.

आम्ही पाऊण तास थांबलो. मग जाड टॉवेल ठेवून झाकण हळूहळू सैल केले आणि थोडे-थोडे पाणी भरले. मिस्त्रींनी नंतर रेडिएटर उतरवून दाखवला. कूलंटऐवजी मी तीन वर्षे बोअरचे पाणी घालत आलो होतो आणि त्या जड पाण्याने नळ्या पांढऱ्या खाऱ्या थराने जवळजवळ बुजल्या होत्या. दोष उन्हाचा नव्हता, माझा होता.

अंबाझरी ले-आउट, गृहिणी

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट या भागातील कोणीही विसरणार नाही. रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घरांत शिरले आणि पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. सकाळी पाणी ओसरल्यावर माझ्या यजमानांनी गाडी सुरू होते का ते पाहण्यासाठी स्टार्टर मारला. एकदा टक् असा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारला, तेव्हा आतून लोखंड वाकल्यासारखा जो आवाज आला तो मला आजही ऐकू येतो.

पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. आमचे इंजिन पूर्ण उघडावे लागले. विम्याच्या माणसाने सांगितले की पाण्यात बुडाल्याने झालेले नुकसान वेगळे आणि बुडालेली गाडी सुरू केल्याने इंजिनाचे झालेले नुकसान वेगळे. दुसऱ्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते आणि ती आमच्या पॉलिसीत नव्हती. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गाडीला हातही लावला नाही. बॅटरीची वायर काढली, फोटो काढले आणि गाडी क्रेनवर चढवून पाठवली. त्यांचे इंजिन वाचले. पॉलिसीचे कागद पावसाळ्यापूर्वी एकदा नीट वाचावेत, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

मनीषनगर, मिहानमध्ये नोकरी

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. कार्यालयाच्या आवारातच ती बंद पडली आणि मी फोन करून क्रेन बोलावली. क्रेनवाल्याने मागची चाके उचलली, पुढची चाके रस्त्यावर ठेवली आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकून गाडी वीसेक किलोमीटर ओढत नेली. मूळ दोष फक्त इंधन पंपाचा होता. पंप बदलल्यावर इंजिन सुरू झाले, पण गाडी पुढे जाईना.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओढताना पुढचीच चाके उचलावी लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. ऑटोमॅटिकमध्ये तर त्याहून अधिक जपावे लागते, कारण गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरत असली की आतले भाग कोरडेच घासले जातात. अशा गाडीला धक्का मारून सुरू करण्याचाही उपयोग नसतो. फोनवरच ‘गाडी ऑटोमॅटिक आहे, चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड पाठवा’ असे स्पष्ट सांगावे, आणि चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी असेल तरीही हेच सांगावे. बॅटरी उतरल्याने गिअर पार्कमधून हलत नसेल तर दांड्याशेजारी बहुधा एक लहान खाच असते. तिच्यात किल्ली किंवा पेचकस दाबला की दांडा सुटतो. आपल्या गाडीत ती खाच कुठे आहे हे माहितीपुस्तिका पाहून घरी, दिवसाउजेडी शोधून ठेवावे.

धंतोली, परिचारिका

मे २०२४मध्ये वायफळच्या टोल नाक्यावरून आम्ही समृद्धीवर चढलो आणि तासाभराने डावीकडचा मागचा टायर फुटला. वेग एकशेदहाच्या जवळ होता. माझ्या भावाने ब्रेक मारला नाही, म्हणून मी हे लिहू शकते आहे. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, फक्त अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि वेग आपोआप उतरल्यावरच गाडी डावीकडे घेतली.

पुढची चूक माझी होती. बाहेर ऊन होते, म्हणून मी आईला गाडीतच बसू द्या म्हणाले. भावाने ऐकले नाही. सर्वांना डाव्या दाराने उतरवून लोखंडी कठड्यापलीकडे उभे केले, चारही इंडिकेटर लावले आणि लाल त्रिकोण शंभर पावले मागे नेऊन ठेवला. कडेला उभ्या असलेल्या गाडीला मागून येऊन धडकणारी वाहने किती माणसे घेऊन जातात, हे अपघात विभागात काम करणारी मी जाणते, आणि तरी त्या क्षणी मला उन्हाचेच सुचले.

टायरची नक्षी उत्तम होती, गाडी अवघी अठ्ठावीस हजार किलोमीटर चाललेली होती. टायरच्या बाजूवरचे चार आकडे मात्र ३४१६ होते, म्हणजे २०१६च्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर झिजले नव्हते, म्हातारे झाले होते. त्यात हवाही कमी असावी, कारण कमी हवेचा टायर बाजूने सतत दबत-उठत राहतो आणि त्यानेच तापतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढी भरावी. समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, त्याचा मदत क्रमांक वेगळा आहे. तो आत शिरतानाच फोनमध्ये घालून घ्यावा.

जरीपटका, व्यापारी

थोडक्यात लिहितो. डिसेंबरच्या सकाळी बॅटरी बसली, पण तिला मारले होते उन्हाळ्याने. थंडीत ते फक्त उघडकीस आले. दुसऱ्या गाडीवरून जोडताना लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर, कारण शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो. काढताना हाच क्रम उलट.

कामठी मार्ग, गराजचालक

मी तीस वर्षे हेच काम करतो आहे. ग्राहक ऑइल वेळेवर बदलतात, पण ब्रेक ऑइलचे नावही काढत नाहीत. ते हवेतला ओलावा शोषत राहते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. चिखलदऱ्याचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ते तापते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही तितकीच खरी आहे.

स्टेपनीचेही तसेच. पाचातल्या तीन गाड्यांची स्टेपनी माझ्याकडे येते तेव्हा तिच्यात हवा नसते. आणि आपल्याकडे रस्ता सोडला की काळी माती लागते, तिच्यात पावसाळ्यात जॅक सरळ रुततो. हातभर लांबीची जाड फळी डिकीत ठेवावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, तिरप्या रेषेत समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावावा, मगच जॅक चढवावा; आवळताना एकाआड एक समोरासमोरचे नट घ्यावेत आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवून पाहावा. जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. माझ्याकडे काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

मानेवाडा, महाविद्यालयीन प्राध्यापिका

देवलापारच्या पुढे, पेंचच्या जंगलपट्ट्यात रात्री साडेनऊला आमच्या गाडीच्या इंजिनावरचा पट्टा तुटला. चार्जिंगचा दिवा लागला, स्टिअरिंग जड झाले आणि थोड्याच वेळात दिवेही मंदावले. सोबत माझी मुलगी होती. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ मला पाठ होता. रेंज येत-जात होती, तिसऱ्या प्रयत्नाला फोन लागला. त्यांनी किलोमीटरच्या दगडावरचा आकडा विचारला आणि तो वाचायला मी मोबाइलच्या उजेडात मागे चालत गेले. तेव्हापासून महामार्गावर दर काही वेळाने ते दगड वाचत जाण्याची सवय मी लावून घेतली आहे.

आमच्याकडे लाल त्रिकोण नव्हता. एक ट्रकचालक थांबले. “ताई, आधी गाडीपासून दूर व्हा,” एवढे बोलून त्यांनी आम्हाला कडेला उभे केले, रस्त्याकडेचे पाच-सहा दगड गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर ओळीने लावले आणि त्यांत पळसाची एक फांदी खोचली. मदतीची गाडी तासाभराने आली, तोपर्यंत ते गृहस्थ आपला ट्रक मागे दिवे लावून उभा करून थांबले होते.

आमची गाडी क्रेनवर चढली आणि मी निघण्याच्या घाईत होते. त्यांनी मला थांबवले. ते दगड तसेच राहिले तर अंधारात पुढचा मोटारसायकलवाला त्यांवर जाईल, असे म्हणत ते पुन्हा मागे गेले. मी आणि माझी मुलगीही गेलो. सहा दगड होते. पाच सापडले, सहावा वाहनाच्या चाकाने घरंगळत मधल्या पट्ट्याकडे गेला होता. तो मिळाल्यावरच त्यांनी आपला ट्रक सुरू केला.